साडूभाऊंची रिफिल

हिंगोली जिल्ह्यात ज्याच्या घरी शोकेस आहे, त्याच्या शोकेसमध्ये माझ्या साडूभाऊंनी घडवलेला पेन आहे, आणि हेच साडूभाऊंचं सगळ्यात मोठं दुःख आहे. लोक पेन घेतात, उलटासुलटा करून बघतात, तोंडभर कौतुक करतात आणि काचेमागं ठेवून देतात. त्यानं लिहीत कुणी नाही. साडूभाऊंना मात्र आयुष्यात आता एकच गोष्ट बघायची राहिली आहे: आपल्या एखाद्या पेनाची रिफिल लिहून लिहून संपलेली.

ते गोरेगावला राहतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, यजमान. लाइनमन म्हणून जन्मभर विजेच्या खांबांवर चढले आणि रिटायर झाल्यावर जमिनीवर काय करायचं हे सुचेना म्हणून पेन करायला लागले, असं अक्का सांगतात. कुठल्याशा व्हिडिओत एक माणूस लाकडाचा पेन घडवताना दिसला आणि महिनाभरात गोठ्यात, म्हशीच्या शेजारी, छोटं लेथ मशीन येऊन बसलं. त्या घरघरीनं म्हशीनं आठवडाभर पान्हा चोरला. मग तिला सवय झाली. अक्कांना अजून झालेली नाही. तेव्हापासून साडूभाऊंना झाड हे झाड म्हणून दिसतच नाही. सेनगावच्या जीपमधून जाताना कडेला बाभळीची फांदी पडलेली दिसली की ते जीप थांबवतात, पिशवीतून करवत काढतात आणि कापायला बसतात. आतले पंधरा प्रवासी चकार शब्द काढत नाहीत, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरी त्यांचा पेन आहे. एकदा आम्ही एका नातेवाइकाकडं भेटायला गेलो होतो. घरातली म्हातारी गेलेली, सगळे माना खाली घालून बसलेले. साडूभाऊंचीही मान खालीच होती, पण नजर म्हातारीच्या बाजेच्या मोडक्या पायावर होती. शिसवीचा होता. निघताना त्यांनी तो मागून घेतला, तेव्हा मला तोंड कुठं लपवावं कळेना. महिनाभरानं त्या पायाचे चार पेन करून त्यांनी म्हातारीच्या चार मुलांना नेऊन दिले. चौघंही रडले, आणि चौघांनीही ते शोकेसमध्ये ठेवले.

पुढं नुसत्या लाकडानं भागेना, तेव्हा रेझिन आलं. हा काकवीसारखा दाट ऐवज असतो. दोन बाटल्यांतलं एकत्र ढवळलं की काही तासांनी दगड होतो. भेगाळलेल्या लाकडाच्या फटीत ते ओतायचं, कडक झालं की लेथवर चढवून पटाशीनं गोल करायचं आणि पॉलिश पेपरनं घासत बसायचं. रंगासाठी साडूभाऊ त्यात घरची हळद घालतात. ढवळायला अक्कांची भांडी लागतात आणि भांड्यात ते तसंच राहिलं की भांडंही कामातून जातं. तीन पातेली गेल्यावर अक्कांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बजावलं, की या घरात एक तर रेझिन होईल नाही तर वरण. साडूभाऊ दोन दिवस विचार करत होते.

पेन दिला म्हणजे त्यांचं काम संपलं असंही नाही, पुढं तपासणी असते. सदऱ्याच्या खिशात चार नव्या रिफिली कायम. कुणाकडंही गेले की चहाच्या आधी पेन मागतात, उघडतात आणि रिफिल उजेडाला धरून शाई कुठवर आलीय ते बघतात. मला त्यांनी चिंचेच्या लाकडाचा पेन दिलेला. तीन वर्षांत शाई तसूभर हलली नव्हती. मी बेधडक सांगितलं, की जुनी रिफिल संपली, ही नवी टाकली. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ही रिफिल हिंगोलीत भेटत न्हाई. ती फकस्त माझ्या खिशात भेटते." मग पेन बंद करत म्हणाले, "लिहीत काहून न्हाई तुमी?" मी म्हणालो, एवढा देखणा पेन, खराब होईल. त्या दिवशी ते चहा न पिता गेले. मला वाईट वाटलं, तरी पेन मी परत जागेवरच ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात मी गोरेगावला गेलो असताना भरदुपारी तांड्यावरच्या आशाताई आल्या. गरोदर बायका, बाळंतपणं, लेकरांचे डोस, सगळ्यांच्या नोंदी वहीत ठेवणाऱ्या. दोन वर्षांमागं लसीकरणाला त्यांना बंद पडलेला पेन झटकताना बघून साडूभाऊंनी खिशातला एक काढून दिला होता. बाभळीचा, वेडीवाकडी भेग पडलेला, हळदीचं रेझिन एका अंगाला ओघळलेला. कुणाला द्यायच्या लायकीचा नाही म्हणून स्वतःजवळ ठेवलेला. देऊन ते विसरूनही गेले होते.

"काका, सकाळी निम्म्या नावावर बंद पडला," ताई म्हणाल्या. "बाजारात दोन्ही दुकानी दाखवला, असली रिफिल न्हाई म्हणले."

साडूभाऊंनी आधी चष्मा मागितला. रिफिल उजेडाला धरली. आरपार मोकळी होती. मग पेन बोटांत फिरवून बघायला लागले. पॉलिश उडालेलं, आणि धरायच्या जागी तीन बोटांचे तीन खळगे पडलेले. ताईंना शरमल्यासारखं झालं. "लई घासला गेला माझ्याकडून. वरून परत मशीन फिरवता येईल का?"

"न्हाई, माय," साडूभाऊ म्हणाले. "हे मला लेथवर जमत न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच."

त्यांनी नवी रिफिल घातली, पण पेन लगेच दिला नाही. यानं काय काय लिहिलं, असं त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं, की दोन वर्षांत तांड्यावर जन्मलेलं प्रत्येक लेकरू याच पेनानं वहीत आलंय. आणि दोन लेकरं गेली, तीही यानंच लिहावी लागली. साडूभाऊंनी मान हलवली. मग ताईंनी ओसरीवर बसून वही मांडीवर उघडली आणि सकाळी अर्धवट राहिलेलं नाव पुरं केलं. साडूभाऊ शेवटच्या अक्षरापर्यंत उभे राहून बघत होते.

त्या गेल्यावर ते गोठ्यात गेले नाहीत. माझ्याशेजारी बसून राहिले, रिकामी रिफिल हातात घेऊन. त्यांना मी आजवर पुष्कळ हसलो आहे. त्या दुपारी मात्र मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या हातून झालेली एकही गोष्ट कुणाच्या बोटांनी अशी झिजलेली नाही.