पाच मिनिटांत काढतो

लिफ्टवाल्यांनी दुरुस्तीच्या बत्तीस वर्षांत अडकलेली किती माणसं सोडवली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली की ते दाराच्या फटीला तोंड लावून ओरडायचे, ‘‘घाबरू नका हो, पाच मिनिटांत काढतो!’’ पाच मिनिटांत आजवर एकही माणूस बाहेर निघालेला नव्हता. एका शिक्षिकेनं तर बाहेर आल्या आल्या फैलावर घेतलं होतं, ‘‘दीड तास झाला! घड्याळ कळतं का तुम्हाला?’’ हा किस्सा ते जेवताना रंगवून सांगायचे आणि त्यांची लेक हसून हसून बेजार व्हायची.

अंधाऱ्या खड्ड्यात लोखंडी दोरांमध्ये उभं राहून काम करणाऱ्या या गड्याला भीती ठाऊक नव्हती. ती भेटली साठीला टेकल्यावर, भर दुपारी, जंगलात.

लेक रानवाटांवर लोकांना नेण्याचं काम शिकली होती. गटप्रमुख म्हणून तिची ही पहिलीच सहल, चार दिवसांची. आठ जणांत एक जागा रिकामी राहिली, तेव्हा लिफ्टवाले तोऱ्यात म्हणाले, ‘‘मी येतो की!’’ सहली काढणाऱ्या संस्थेचा नियम कडक होता. एकानं जरी हातपाय गाळले, तरी अख्खा गट मागं फिरवायचा. पहिलीच सहल अर्ध्यावरून परतली, तर दुसरी तिला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी झाडी इतकी दाटली की आभाळ दिसेना. पुढं खोडं, मागं खोडं, सगळी सारखी. लिफ्ट अडकली तर किल्लीनं दार उघडता येतं, हातानं चाक फिरवता येतं. इथं काय फिरवणार? छातीत धडधडू लागलं, बोटांना मुंग्या आल्या. आपली ही अवस्था कुणाला दिसू नये म्हणून ते बुटाची नाडी बांधत बसले. चौथ्यांदा बसले तेव्हा लेक मागं आली.

‘‘बाबा, नाडी सुटतेय की धीर?’’

‘‘मला बाहेर काढ गं,’’ ते पुटपुटले. ‘‘पण परत फिरायचं नाही. तुझ्या पोटावर पाय नको.’’

ती शेजारी टेकली. ‘‘पाच मिनिटांत झाडी संपते.’’

लिफ्टवाल्यांनी मान वर केली. ‘‘मला शिकवतेस? खरं सांग.’’

‘‘चार तास.’’

त्यांचे डोळे भरून आले. ‘‘म्हणजे लिफ्टमधल्यांनाही कळत असणार, पाच मिनिटं खोटी. मग ती माणसं कशाच्या भरवशावर थांबायची?’’

‘‘आवाज यायचा ना तुमचा,’’ ती म्हणाली आणि उठली. वाट दाखवायला तिला पुढं जाणं भागच होतं.

मग पुढून दर थोड्या वेळानं हाक येऊ लागली, ‘‘पाच मिनिटं!’’ मधले सात जण वैतागले. ‘‘हिला घड्याळ कळतं का?’’ एकानं उघडच विचारलं. सगळ्यांच्या मागं, घामानं निथळत, नजर पायांपुढच्या वाटेवरच ठेवून लिफ्टवाले दर वेळी ओ देत, ‘‘बरं!’’ झाडी काही संपत नव्हती. धडधडही थांबत नव्हती.

एकदा हाक यायला उशीर झाला. लिफ्टवाले जागीच खिळले.

‘‘किती राहिलं गं?’’ त्यांनी ओरडून विचारलं.

‘‘पाच मिनिटं, बाबा!’’

त्यांनी पाऊल उचललं.