लाल जिथं, काळं तिथंच

तिनं टीव्ही पुसला. माहं बोट जिथं लागलं होतं, बस्स तेवढीच जागा. पर्समधून पांढरा कागद काढला, दोनदा फिरवला, अन तो कागद दोन नखांत धरून कचऱ्यात टाकला. मंग हासून म्हनली, "आजी, हात नका लावू. हा टीव्ही नाही, डॅशबोर्ड आहे. हे वाचायला शिकावं लागतं."

खोलीतले सारे हासले. खुर्चीवर बसलेले सारे. उभी मी एकटीच होती.

मी दूध केंद्रात कॅना धुतो. लय वर्षं झाली. साकोलीच्या अलीकडं, मोठ्या रोडले लागून आमचं केंद्र आहे. सात ठिकानचं दूध गाडीनं येते. मोजनारे दुसरे, ओतनारे दुसरे. रिकामी झाली का कॅन माह्याकडं येते. भरल्या कॅनीले मले कोनी हात लावू देला नाई. काहून, ते तोंडानं कोनी सांगतलं नाई. सांगाची गरजच नोती. आमची टोली बौद्धाची, गावाबाहेरची वस्ती. तलावाची पार ओलांडली का लागते.

टीव्ही पुसनारी पोट्टी आमच्या चेअरमनची. पुन्याले शिकली. सारे तिले मॅडम म्हनतात. तिच्या आजीच्या गोठ्यात माही माय शेन काढे. मी लहान. माय माह्यासाठी दूध मांगे, तं तिची आजी वरतून ओते. हातभर उंचीवरून. अर्धं भांड्यात, अर्धं मातीत. मी मातीतलं पाहत राहो.

आता भिंतीचं सांगतो.

मले अक्षर येत नाई. पन रिकामी कॅन उघडली का झाकनाच्या वासावरून मले समजते, दूध नासाले लागलं होतं का नाई. मोजनाऱ्यायले समजाच्या आधी समजते. हे मले कोनी शिकवलं नाई. एवढी वर्षं नाक कॅनीतच होतं.

नळाजवळ भिंत होती, चुन्याची. तिच्यावर मी सात लायनी काढल्या. कॅनीवर जे निशान असते तेच लायनीपुढं काढलं. कोनाचा चांद, कोनाची फुली. आमच्या टोलीचे तीन ठिपके. ज्या दिवशी दूध नासलं त्या दिवशी गेरूचा लाल टिळा. ज्या दिवशी गाडी तिथं उशिरा गेली, त्या दिवशी खाली कोळशाची काळी रेघ. गाडी कुठं शेवटी गेली ते मले कोनाले विचाराचं काम नाई. शेवटी भरलेली कॅन गाडीच्या दारापाशी राहते, तेच आधी उतरते.

अन चांगल्या दिवसाले काईच नाई. कोरं. एक जन म्हने, "बुढे, चांगल्याले बी फूल काढ ना." मी म्हनलं, "भाऊ, सारं रंगवलं तं बिघडलेलं कुठं शोधू?"

भिंत भरली तसं दिसलं. लाल जिथं, काळं तिथंच. टोलीचं दूध नासत होतं कारन गाडी टोलीले शेवटी जाये. पाहाटचं काढलेलं दूध दुपारपर्यंत उन्हात वाट पाहे. श्यामराव डायव्हरनं पायलं, डोकं खाजवलं, अन दुसऱ्या दिवशी टोलीले पहिले गेला. मंग कितीतरी दिवस टोलीच्या लायनीत लाल नाई. मीटिंग नाई झाली, कागद नाई झाला.

ही मॅडम आली तेव्हा तिनं भिंतीचा फोटो काढला. "आजी, हे काय आहे?" म्हने. मी सारं सांगतलं. उभ्या उभ्या, ओल्या हातानं, एक एक लायन. ती मोबाईलवर लिहत होती. "तुम्ही किती हुशार आहात हो!" म्हनली. त्या दिवशी मी टोलीवर तीन घरी सांगत फिरली. एवढी खुश होती मी.

पंधरा दिवसानं सकाळी आली तं भिंत पांढरी.

"दूध संघाचे पाहुने येनार आहेत भंडाऱ्याहून," चेअरमन म्हनले. "ते घान साफ केली."

मंग तो टीव्ही लागला. पाहुन्यायच्या दिवशी मले आत बोलावलं, रिकामे गिलास उचलाले. मी ट्रे धरून भिंतीशी उभी. टीव्हीवर गोल गोल होते, मोटारसायकलच्या मीटरवानी काटे होते, भाकरीचे काप करावे तसे काप होते. जांभळा, पिवळा, हिरवा, नारंगी. आकडे एवढे का मुंग्या सांडल्या. पाहुने "वा, वा" करत होते. काय पाहून राहिले ते त्यायले तरी समजत होतं का, मले माहीत नाई. एक कापच लाल होता. त्याच्यावर तीन ठिपके. माहे ठिपके.

"टोलीचा दर्जा सतत खराब आहे," मॅडम म्हनली.

चेअरमननं लगेच पकडलं. "त्यायच्याकडं साफसफाईच नाई. बंद करून टाकू टोली. सहा ठिकानं पुरे."

टोलीवर एकोनीस घरी गाय-म्हैस आहे. बहुतेक बायाच्याच हातचं. केंद्रानं नाई म्हनलं तं ते दूध कोन घेनार? गावात आमच्या घरचं दूध कोनी घेते का?

म्हनून मी ट्रे खाली ठेवला अन टीव्हीजवळ गेली. लाल कापाखाली बोट ठेवलं. "बाई, गाडी कधी गेली ते कुठं आहे याच्यात?"

तेव्हा तिनं कागद काढला.

खरं सांगतो. राग मागून आला. आधी जळन झाली. छातीत कोळसा ठेवल्यावानी. मले तिच्या खुर्चीची जळन झाली. तिच्या बापानं पंखा तिच्याकडं फिरवला त्याची झाली. ती बोलली का एवढे मानसं चूप बसत, त्याची झाली. माही भिंत एवढी वर्षं बोलून राहिली होती, तिच्यासमोर कोनी खुर्ची टाकून बसलं नाई. माहं घेतलं, त्याच्यातलं काळं फेकलं, लाल तेवढं ठेवलं. अन त्याच लालनं माही टोली मारून राहिली होती.

मी बाहेर गेली. नळाजवळ गेरूचा गोळा पडून होता, चुलीतला कोळसा होता. दोन्ही घेऊन आत आली. टीव्हीच्या बाजूले नवा रंग देलेली भिंत. तिच्यावर लायन ओढली. तीन ठिपके काढले.

चेअरमन उठले. "ए बुढे! पागल झाली का? रंग नवा आहे!"

मी मागं पायलं नाई. मागचे आठ दिवस माह्या नाकात होते. लाल, लाल, कोरं, लाल, असे आठही दिवस लावले. मंग दारातल्या श्यामरावले विचारलं, "परवा टोलीले कधी पोचला गा?"

तो चपलीकडं पाहत म्हनला, "बारा वाजले मावशी."

"अन काल?"

"काल बी. मोबाईलवर नवा रस्ता आला ना मॅडमचा. टोली शेवटी पडते आता."

"ज्या दिवशी पहिले गेला होता त्या दिवशी?"

"त्या दिवशी कायचं नासते जी."

मी काळ्या रेघा ओढल्या. लालाखाली काळं, लालाखाली काळं. कोऱ्याखाली काई नाई. मी म्हनलं, "तुमचा टीव्ही कोनाचं नासलं ते सांगते. काहून नासलं ते नाई सांगत. मंग ज्याचं नासलं त्याचाच गुन्हा."

भंडाऱ्याचा मोठा साहेब उठून भिंतीजवळ आला. एक घडी पायलं. एवढ्यातच समजलं त्याले. मंग मॅडमकडं फिरला. "गाडीची वेळ टाका याच्यात. अन रंग कमी करा. एवढे कायले?" टोलीचं दूध चालू ठेवाले सांगतलं. अन मॅडमसाठी टाळ्या झाल्या.

मॅडमसाठी. माह्याकडं पाहुन्यानं रिकामा गिलास केला, ठेव म्हनून.

दुसऱ्या दिवसापासून गाडी टोलीले पहिले जाते. बाया म्हनतात, "आत्या, झालं ना काम, सोड आता." मी नाई सोडत. टीव्हीवर आता लालाखाली काळी रेघ आहे. माही रेघ. कोनाची म्हनून विचारलं तं मॅडमची.

परवा ती नळापाशी आली. मी उपड्या कॅनीवर बसून घासत होती. "आजी, झाकणाच्या वासावरून आधीच कसं कळतं? सांगा ना. नवीन डॅशबोर्डमध्ये घेऊ."

"खुर्ची आन," मी म्हनलं.

"मला नको, मी उभी आहे."

"तुले नाई. मले. तुह्या त्या खोलीत टाक, टीव्हीच्या समोर. तुहा बाप बी बसू दे, साहेब बी बसू दे. मी बोट लावून सांगीन. अन मी उठल्यावर काच पुसाची नाई."

ती हासली. मंग हासनं थांबलं. "बाबांना विचारते," म्हनून गेली. अजून विचारूनच राहिली.

नवी भिंत त्यायनं परत रंगवली. मी परत लायन ओढली. ते परत रंगवतीन, मी परत ओढीन. गेरू संपत नाई, कोळसा संपत नाई. जळन बी नाई संपत, अन मले ते विझवाची बी नाई. टोलीच्या लायनीत लाल आलं तं मी स्वतः जाऊन श्यामरावची गाडी अडवीन. बाकी जे माह्या नाकात आहे ते माह्या नाकातच राहीन.

उभ्यानं आता एक शब्द देनार नाई.