तिथीची पाऊणपट

माझ्या लग्नाचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. स्टाफरूममध्ये यावरून माझी इतकी थट्टा झाली आहे की आता कोणी काही बोलायच्या आत मीच करून टाकते. मी डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे एकोणतीस फेब्रुवारी मी हौसेने निवडला असेल असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नव्हतं. नोंदणी कार्यालयात तो दिवस मोकळा होता, कारण तो कोणालाच नको होता. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" आम्हाला घाई होती, कारण बाबांच्या होकाराची वाट बघून आम्ही दोघं कंटाळलो होतो.

बाबा म्हणजे वेळेचे पक्के. नोकरीभर ते मोहन्याच्या कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा झाला की कोण वेळेत आलं, कोण उशिरा, हे बघणं त्यांचं काम. घरीही तोच खाक्या. सकाळी रेडिओवरच्या वेळेशी घड्याळ जुळवल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरला ते आमच्या घरातला सगळ्यात शहाणा माणूस समजतात, आणि आई दुसऱ्या नंबरवर आहे हे तिला ठाऊक आहे.

मला फिजिक्सची गोडी लागली तीही त्या कॅलेंडरमुळेच. शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं की एका वर्षात दोन श्रावण कसे काय येतात. बाबांनी मला समोर बसवलं. चंद्राची बारा महिन्यांची फेरी सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवस आधीच संपते, म्हणाले. दर वर्षी चंद्र आणखी थोडा पुढे पळतो. तसाच सोडला तर दिवाळी पावसाळ्यात यायची. म्हणून दोन-तीन वर्षांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना. तेवढ्यात मागे राहिलेला सूर्य येऊन मिळतो. मी म्हटलं, मग उशीर करणाऱ्या सूर्याला शिक्षा का नाही? टाइमकीपरच्या मुलीला दुसरं काय सुचणार? त्यावर ते हसले आणि म्हणाले की जो लवकर पोचलाय त्यानेच थांबायचं असतं, हाच तर यातला नियम आहे.

पुढे मी शिकवायला लागल्यावर एकदा त्यांना सांगितलं की भरती-ओहोटीचं पाणी पृथ्वीला घासून घासून तिचा वेग कमी करतंय, त्यामुळे दिवस अगदी कणाकणाने लांबत चाललाय. म्हणून तर मधूनमधून जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जादा घालावा लागला. बाबा खरोखर दुखावले. पृथ्वीकडून त्यांची ही अपेक्षा नव्हती.

तर मागच्या अधिक श्रावणात मी घरी सांगितलं की मला लग्न करायचंय, आणि मुलगा कल्याणच्या खाडीकाठचा, कोळ्यांच्या घरातला आहे. वीज कंपनीच्या ऑफिसात नोकरी करतो, रविवारी वडिलांबरोबर होडी घेऊन खाडीत जातो. बाबांनी कॅलेंडरकडे बघितलं. अधिकात सोयरिकीची बोलणी करत नाहीत, म्हणाले. अधिक संपला. मग गणपती आले, मग पितृपक्ष लागला, मग चातुर्मास संपू दे म्हणाले. माझा संताप व्हायचा. ज्या पानांवरून त्यांनी मला आकाश दाखवलं, त्याच पानांआड ते लपत होते. तुळशीचं लग्न झालं तेव्हा पानं संपली. मग त्यांनी सरळ सांगितलं की मुलगा चांगला असेल, पण आपल्यातला नाही, मला जमणार नाही.

लग्नाला आई आली, हिरवी साडी नेसून, त्यांना सांगून. बाबा आले नाहीत. "फेब्रुवारीच्या शेपटाला उरलेला दिवस तो," एवढंच ते आईला म्हणाले, "तो काय धरायचा."

त्यानंतर मी माहेरी एकटीच जायचे. नवरा मला बिल्डिंगच्या गेटपर्यंत सोडायचा आणि स्कूटर वळवायचा. दिवाळसण झालाच नाही. बाबा माझ्याशी नीट बोलायचे, कॉलेजचं विचारायचे, पण नवऱ्याचा विषय निघाला की त्यांना गॅलरीतल्या कुंड्या आठवायच्या. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. तेव्हा नवरा दवाखान्यात रोज खाली बाकावर बसून असायचा, वर यायचा नाही. मी चिडायचे, तर म्हणायचा, "त्यांनी बोलवू दे ना. मी आहे इथेच." घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले की पुढचा अधिक काही मी बघत नाही. आईने मला हे फोनवर सांगितलं. मला तेव्हापासून एकच भीती होती, की ही दोन माणसं एकमेकांशी एक शब्दही न बोलता राहून जातील.

पण पुढचा अधिक आला, आणि बाबा होते. या वेळी ज्येष्ठ. ज्यांच्याकडे करतात त्यांना सांगायला नको, पण हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा. त्याला लेकीसकट जेवायला बोलवायचं, वर दिवा ठेवून तेहेतीस अनारसे वाण द्यायचे. आमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. आईने कोणाला न विचारता तांदूळ भिजत घातले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, आणि ते पातेलं तिने मुद्दाम बाबांच्या देवघराच्या वाटेत ठेवलं. बाबा त्याला वळसा घालून जायचे. कॅलेंडरमधलं काही चुकवायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम, आणि आता तोच त्यांच्या आड आला होता.

शनिवारी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "उद्या तो खाडीत जातो का?" मी म्हटलं, जातो, भरतीच्या पाण्याबरोबर परत येतो. बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मी कोणालाच काही सांगितलं नाही. आशा वाटत होती आणि आशा वाटल्याचाच राग येत होता.

रविवारी पौर्णिमा होती. दुपारी मी पेपर तपासत बसले होते, एवढ्यात सासूबाई बाहेरून घाईघाईने आल्या. "तुजं बाबा आयलेत गो. धक्क्यावर बसलेत. घरी चला बोलले तर नाय येत."

मी तशीच पळाले. धक्क्यावर उलट्या टाकलेल्या एका होडीवर बाबा छत्री उघडून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चांगल्या चपला, हातात पाण्याची बाटली. ऊन मी म्हणत होतं. खाली पायऱ्यांशी अजून चिखल दिसत होता आणि बाबा त्या चिखलाकडे असे बघत होते, जसे पूर्वी उशिरा आलेल्या कामगारांकडे बघत असतील.

"पाणी आलं नाही अजून," ते मला म्हणाले.

मग उलगडा झाला. बाबांचं लहानपण कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावात गेलं. तिथे सगळे भरतीचा हिशेब तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या हिशेबाने होडी लागायच्या वेळेला बाबा धक्क्यावर हजर झाले होते. हिशेब बरोबर होता, पण तो त्यांच्या गावचा होता. समुद्राचं पाणी वसईकडून आत शिरून, वळणं घेत घेत कल्याणपर्यंत पोचायला आणखी दोन-अडीच तास घेतं. जन्मभर लोकांच्या वेळा बघणारे माझे बाबा जावयाच्या दारात चुकीच्या वेळी येऊन बसले होते.

मी हे सगळं त्यांना समजावलं. मला हसू येत होतं आणि त्यांच्या छातीची काळजीही वाटत होती. म्हटलं, घरी चला, सावलीत बसा, मी त्याला फोन करते.

"नको. आधी त्यांना बोलावणं करतो, मग घरी येतो. तशी पद्धत आहे."

त्यांना, म्हणाले. कालच्या फोनवर अजून 'तो' होता. छत्री त्यांच्या हातातून घेतली आणि शेजारी बसले. सासूबाईंनी कोकम सरबत आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं. थोड्या वेळाने मी विचारलं की इतका वेळ बसवेल का. तेव्हा त्यांनी घड्याळ बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं.

"लवकर मी आलोय ना? मग थांबायचं मीच."

चिखलावर पाणी चढायला लागलं. ते चढताना दिसत नाही, फक्त मघाशी दिसणारी पायरी आता दिसत नाही एवढंच कळतं. दीडच्या पुढे होडी वळणावर दिसली. नवऱ्याने लांबूनच बाबांना ओळखलं असावं, कारण तो उभा राहिला आणि माझ्या सासऱ्यांनी त्याला ओरडून खाली बसवलं. होडी लागल्यावर तो पायऱ्या चढून वर आला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातांना मासळीचा वास. वाकून नमस्कार करावा की आधी हात धुवावेत हे त्याला कळेना. बाबा उभे राहिले. इतका वेळ बसल्यामुळे पाय आखडले होते, म्हणून त्यांनी त्याचाच दंड धरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "धोंड्याचं जेवण राहिलंय. पुढच्या रविवारी दोघांनी यायचं."

नवरा म्हणाला, "येतो, बाबा." मला रडू आलं. लपवायला छत्री होती ते बरं झालं. तेवढ्यात बाबांनीच विचारलं की इथे पाणी नक्की किती उशिरा येतं, आणि अमावास्येलाही तेवढंच मागे असतं का. त्यावर माझा नवरा आणि सासरे एकदमच बोलायला लागले. घरी जाईपर्यंत तिघांचं तेच चाललं होतं. निघताना सासूबाईंनी बाबांना सांगितलं की अधिक आहे म्हणून आज कोळंबी देत नाही, महिना संपला की यायचं आणि घेऊन जायचं. बाबांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी गेटपाशी नवऱ्याने सवयीने स्कूटर थांबवली. मी म्हटलं, "आज आत लाव." वर आईने पाट मांडून ठेवला होता. तांब्याच्या ताम्हनात अनारसे, वर निरांजन. एकदोन अनारसे तुपात हसले होते, म्हणजे फसफसून विस्कटले होते, तेही तिने टाकून न देता खाली दडवले होते. बाबांनी स्वतः वाण नवऱ्याच्या हातात दिलं. जेवताना त्याला आग्रह करकरून बेजार केलं, आणि आई मधून मधून माझ्याकडे बघत राहिली.

निघताना बाबा कॅलेंडरपाशी उभे होते. मी चपला घालत होते.

"पुढचा अधिक चैत्रात येतोय," ते नवऱ्याला म्हणाले. "तेव्हा तुमच्या पाण्याच्या वेळेने येईन बोलवायला."

स्वयंपाकघरात आईचा भांड्यांचा आवाज थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघी रडलो असतो.

"आणि त्याच्या आधी," बाबा म्हणाले, "तुमचा एकोणतीस फेब्रुवारी आहे. तो आपल्याकडे करू."