चाकूरच्या बाजारातली लोशनची बाटली

आमच्या नांदेडच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. वडील पत्रकं लिहीत, छापून आणत, चौकात उभे राहून वाटत. घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. मी अक्षरं शिकले तीही बिघडलेल्या छपाईच्या रद्दीवर. त्यामुळे छापलेलं दिसलं की वाचायचं आणि वाचलं की भांडायचं, ही मला सवयच लागली. तिचा मला अभिमान होता.

लातूरला कॉलेजात असताना सुट्टीला मी चाकूरला मावशीकडे जायचे. मावशी आठवडी बाजारात बांगड्या भरते. त्या वर्षी सोयाबीनची काढणी उरकत आली होती, दिवाळी तोंडावर होती, आणि मजुरीच्या बायका सणासाठी हात भरून घ्यायला येत होत्या. मावशी बाईचा हात मांडीवर घ्यायची, बाटलीतलं लोशन बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या बुडाशी चोळायची, अंगठा आत दुमडून पंजा दाबायची आणि काचेची बांगडी हळूच वर सरकवायची. भरून झालं की बाई वाकून मावशीला नमस्कार करायची.

मी मात्र बाटली वाचत होते. तिच्यावर गोऱ्यापान बाईचं चित्र होतं आणि सात दिवसांत उजळ कांती मिळेल असं लिहिलं होतं. उन्हात रापलेल्या हातांवर हे चोळलं जातंय, हे पाहून माझं डोकं भणभणलं. मावशीला मी काहीच विचारलं नाही. लातूरच्या एसटीतच पत्रक लिहायला घेतलं.

त्यात एक वाक्य होतं: चाकूरच्या बाजारात बांगड्या भरणारी एक बाई राबणाऱ्या बायकांच्या हाताला गोरेपणाचं लोशन फासते आणि कंपनीकडून कमिशन घेते. कमिशनचं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाक्याला जोर यावा म्हणून मी ते लिहिलं. नाव घातलं नाही, एवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजले. बाजारात बांगडीवाल्या दोनच होत्या, आणि दुसरी साबणाच्या पाण्याने भरायची.

पुढच्या बाजारी मी मैत्रिणींसोबत वेशीपाशी ती पत्रकं वाटली. बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवली. मग मावशीच्या दुकानाशी गेले. पालाखाली एक बाई हात पुढे करून बसली होती. सोयाबीनच्या शेंगांनी तिची बोटं चिरली होती, पेरांवर भेगा होत्या. मावशीने बाटली उचलली तसा तिने हात मागे घेतला.

"ते नगं लावू. तुला कंपनीचं पैसं मिळत्यात म्हणं. सुक्कंच भर."

मावशीने समजावलं, की सुक्या हातावर काच अडकते. बाई ऐकेना. तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली आणि पिचली. काच भेगेत घुसली. रक्तापेक्षा ती बाई सणाच्या तोंडावर बांगडी पिचली म्हणूनच जास्त घाबरली. मावशीने काच काढली, पदराने हात दाबून धरला. बाई नमस्कार न करता उठून गेली. मागे थांबलेल्या दोघी दुसऱ्या बांगडीवालीकडे वळल्या.

मावशीने माझ्या हातातला गठ्ठा पाहिला. "काय लिवलंस, वाच."

मी वाचलं. कमिशनचं वाक्य घाईघाईने उरकलं.

"साबण भेगांत झोंबतो गं," ती म्हणाली. "बाया रडायच्या. म्हणून हे आणलं. चित्र कुणाचं हाय ते मी कधी बघितलंच न्हाई. एकदा इचारायचं तरी होतंस."

ती ओरडली असती तर मला भांडता आलं असतं.

वडिलांचा एक नियम होता: छापून केलेली चूक छापूनच दुरुस्त करायची, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मी तसं दुसरं पत्रक काढलं. मी खोटं लिहिलं, असं स्पष्ट लिहिलं, आणि मोठ्या धीराने मावशीपुढे ठेवलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ज्यांनी पहिलं ऐकलं त्यांना वाचता येत न्हाई," एवढंच म्हणाली.

मग दर बाजारी तिच्या शेजारी बसायचं ठरवलं. येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचे, की कमिशनचं मी मनाने लिहिलं होतं, मावशीला कुणी काही देत नाही. गोरेपणाच्या जाहिरातींबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण ते सांगायला मी एका बाईचा धंदा आणि दुसरीचा हात वापरला. काही बायका हसायच्या. एकीने विचारलं, "मग आता खरं बोलायलीस, हे कशावरून?" मी तिला तेच पुन्हा सांगितलं.

तिसऱ्या बाजारी ती काच लागलेली बाई आली. जखम भरली होती, अंगठ्यापाशी काळसर वण राहिला होता. मी तिलाही सांगितलं. माझ्याकडे न बघता तिने ते ऐकलं आणि मावशीच्या मांडीवर हात ठेवला. मी घाईने बाटलीचं झाकण काढलं, तळहातावर लोशन घेतलं आणि पुढे झाले.

"हिच्या हातानं नगं," ती मावशीला म्हणाली.

मावशीने माझ्या हातून बाटली घेतली. ती पेरांवर लोशन चोळत होती, वणाभोवती जरा जास्त वेळ. माझ्या तळहातावर घेतलेलं तसंच राहिलं. ते कशावर पुसावं हेही सुचेना, म्हणून मी मूठ मिटून घेतली.