घासून काढलेलं लेबल

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काकू, तो कॅन जपून ठेवलाय ना?"

कॅन होता. लेबल नव्हतं.

आमचे हे पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कामाला. करी रोडच्या टॉवरांमध्ये वाळवीचं औषध मारायचे. शेवटचं वर्षभर धाप लागायची, मग गेले. औषध बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, चूक ह्यांचीच. हातमोजे घाला, मास्क लावा, असं कॅनवर मराठीत ठसठशीत छापलेलं असतं. असतं, पण आता. ह्यांच्या वेळी नव्हतं, हे जुनं लेबल दाखवूनच सिद्ध होणार होतं. घरात चपलासुद्धा सरळ रेषेत काढणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणतात, ते माझ्याच्याने ऐकवत नव्हतं.

आता काळाचौकीच्या आमच्या चाळीत रिकामा कॅन कोण टाकतं? संडास गॅलरीच्या टोकाला, तिथे पाणी न्यायला प्रत्येक घराचा एक कॅन. ह्यांनी आणलेला कॅन मी दोन दिवस बादलीत भिजत घालायची, लेबल सोलायची, उरलेला चिकटा काथ्याने घासायची. शेजारणी म्हणायच्या, हिचा कॅन बघा, कसा नवाकोरा! मीही फुशारून जायची, खोटं कशाला सांगू.

शेवटचा कॅन आणला तेव्हा हे दारातच चष्मा शोधत उभे होते. "गो, ह्यां जरा वाच. बारीक लिवलेला आसा."

नळ जायची वेळ झालेली. मी खेकसले, "ठेवा तिथे, मग बघते."

बघितलं नाही. कॅन भिजत घातला.

हे सगळं मी वकीलबाईंना सांगितलं. "निदान काय छापलं होतं ते आठवतंय?" त्यांनी विचारलं. दोन्ही हातांनी चोळून काढलेला कागद, पण एक अक्षर आठवेना. चिकटा किती चिवट होता, तेवढं आठवलं. बाईंनी फाईल मिटली, माझ्यासाठी चहा मागवला. "तुमची काय चूक, काकू? सगळेच करतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन दार लावलं आणि ह्यांच्या फोटोसमोर सगळं बोलून दाखवलं, अगदी मी खेकसले होते तेसुद्धा. हे असते तर भडकले असते, दोन दिवस माझ्याशी बोलले नसते, तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा मागितला असता. बाईंनी मला लगेच माफ करून टाकलं. पण ते त्यांच्या हातात कुठे होतं?