कोब्याला दिलेला शेक

माझ्या आत्याच्या तळघराला ओल यायची आणि लाज मात्र आत्यालाच वाटायची. माझा संताप इथूनच सुरू होतो. पाहुणे आले की ती खालचं दार ओढून घ्यायची, जणू ती ओल तिनंच कुठून तरी उचलून आणलीये.

घर विंझरच्या अलीकडे, उतारावर. तिच्या सासऱ्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. रस्त्यावरून बघा, साधं बैठं घर दिसतं. खालच्या अंगाला उतरलं की घराच्या पोटात एक लांब खोली लागते. तिच्या तीन भिंती डोंगराच्या मातीत, चौथीला दार आणि एक छोटी खिडकी. खाली सिमेंटचा कोबा. लहानपणी आम्ही पोरं उन्हाळ्यात त्या कोब्यावर उघड्या अंगानं लोळायचो. तेव्हा तो कोरडा होता. ओल आली ती अलीकडच्या काही पावसाळ्यांत. का आली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. दुसऱ्यांच्या गावांसाठी पत्रकं लिहिण्यात मी गुंतले होते.

आता त्या खोलीवर बरंच काही अवलंबून होतं. आत्या आणि तिच्या गटातल्या बायकांनी ठरवलं होतं, यंदा इंद्रायणी भात खळ्यावरून व्यापाऱ्याला द्यायचा नाही, जानेवारीत भाव चढला की मगच विकायचा. दरवर्षी त्याचा टेम्पो झोडणी संपायच्या आत येऊन उभा राहतो. तो म्हणेल तो भाव, कारण बायकांकडं पोती ठेवायला कोरडी जागा नसते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भर बैठकीत आत्या बोलून गेली, "जागा मी देते." बोलून गेली आणि मग रात्रंदिवस त्या कोब्याकडं बघत बसली. ओल्या कोब्यावर पोती ठेवली तर खालच्या थराला बुरशी. भात नासला तर बायका पुन्हा टेम्पोपाशी, आणि आत्या बायकांच्या तोंडी.

नसरापूरच्या एका डेअरीत तिनं वर लेप दिलेली चकचकीत करडी जमीन बघितली होती. फडकं मारलं की स्वच्छ. "त्याला इपॉक्सी म्हंत्यात," तिनं मला फोनवर सांगितलं होतं, नवीन जावयाचं नाव सांगावं तसं.

तिकडचाच एक ठेकेदार आला. पन्नाशीचा, बोलका, दोन माणसं आणि घासायचं मशीन घेऊन. जुन्या कोब्याचा वरचा भुसभुशीत थर त्यांनी खरवडून काढला. पाण्याच्या इंजिनाच्या तेलाचे डाग होते, ते घासले. भेगा उकरून भरल्या. धुळीनं घर वरपर्यंत पांढरं झालं. मग ठेकेदारानं प्लास्टिकचा एक चौकोन कोब्यावर टाकला आणि चारी कडांना टेप मारली.

"हे उद्यापतूर असंच ऱ्हाऊ द्यायचं," तो म्हणाला. "खालनं पानी येत आसंल तर हितं घाम दिसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाम दिसला. प्लास्टिकच्या आतून थेंब लोंबत होते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला असतात तसे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय म्याडम. मी मारून देतो की. दिवाळीला आरशावानी दिसंल."

"आणि नंतर?"

"नंतर पानी वर आलं तर फोड येत्यात. पापडावानी उचलतं कुठं कुठं."

"म्हणजे निघून जातं."

"आता ओलच हाय, त्याला मी काय करू? उद्या येतो डबे घिऊन. वाळलं आसंल तर मारू. न्हाई तर मला पानशेतला काम हाय, मग दिवाळीनंतर बघू."

मी भडकले. आमच्या लोकांना चकाकी विकायची, टिकाऊपणाचं नंतर बघू म्हणायचं, वगैरे बरंच बोलले. तो ऐकत उभा राहिला आणि जाताना मला म्हणाला, "ताई, तुमी निवडनुकीला हुबं ऱ्हावा."

त्या दिवशी मला भोरला तहसीलवर निवेदन द्यायला जायचं होतं. मी एसटी धरली. माझ्या मागं घरात काय ठरलं ते मला नंतर कळलं.

आत्याची थोरली जाऊ, जिला सगळे आक्का म्हणतात, ती वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालते, त्यांना शेक देते. बाजेखाली इंगळाची शेगडी, वर ओव्याची धुरी. कित्येक बायकांची ओली अंगं तिनं अशी वाळवलीत. तिनं तळघरात डोकावून बघितलं आणि निकाल दिला, "एवढं काय त्यात? बाळातिनीला देतो तसा शेक द्या ह्याला."

आत्याला ते पटलं. का नाही पटणार? पिढ्यानपिढ्या ओल्या घरात, ओल्या पावसात, ओल्या अंगाला या बायकांकडं एकच औषध होतं.

मी परतले तेव्हा दुपार कलली होती. अंगणात आक्का लसूण सोलत बसली होती.

"आत्या कुठंय?"

"खाली. कोब्याला शेक देतीया." आक्का हसली. "सकाळपासनं बाळातीन सांभाळतीया म्हन की."

"कसला शेक?"

"कोळशाच्या दोन शेगड्या. ऊब बाहेर जाऊ नये म्हनून दार लावून घेतलंय."

मी चपला तिथंच टाकून उतारावरून खाली पळाले. खिडकीत गोणपाट कोंबलेलं. दाराच्या फटीत चिंध्या. मी दार वाजवलं. "आत्या!" काही नाही. पुन्हा वाजवलं, दोन्ही हातांनी. आतून काहीच आवाज नाही, साधी खोकल्याची उबळसुद्धा नाही.

आक्का मागून आली. "आगं झोपली आसंल..."

"आक्का, धक्का मारा! मारा म्हणते ना!"

दाराला आतून दगड लावलेला होता. आम्ही दोघींनी खांदा लावला. दार हललं, अडलं, पुन्हा हललं. फटीतून ऊब तोंडावर आली. धूर नव्हता, वास नव्हता. तेच भयंकर होतं. बंद खोलीत कोळसा जळला की जो वायू साठतो त्याला रंग नसतो आणि नाकाला तो कळतही नाही. माणूस गुंगतो, मग बसल्या जागी जातो. हे मला माहीत होतं. आत्याला कुणी सांगितलं होतं?

दगड सरकला. आत्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, चेहरा लालसर, एक हात प्लास्टिकच्या चौकोनावर. मी हाक मारली तर माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही.

काखेत हात घालून आम्ही तिला ओढत बाहेर आणलं. बाहेरच्या वाऱ्यावर आत्याला उलटी झाली. मी कुठल्या तरी जीपवाल्याला फोन लावला, काय बोलले आठवत नाही. वेल्ह्याच्या वाटेवर प्रत्येक वळणाला मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास बघत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी आक्काला विचारलं किती वेळ आत होती, आणि उत्तर ऐकून त्यांनी ऑक्सिजन वाढवला. आक्का बाकावर बसून स्वतःच्या तळहातांकडं बघत होती.

संध्याकाळी आत्यानं मास्क बाजूला केला. पहिला शब्द काय असावा?

"प्लास्टिक बघितलंस का?"

"आत्या, तू मरत होतीस."

"मेले न्हाई ना. कोरडं हाय का ते सांग."

मी उठून बाहेर गेले. नाहीतर दवाखान्यात ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, आणि पाठोपाठ ठेकेदार. दोन डबे घेऊन. एकातलं दुसऱ्यात मिसळलं की थांबता येत नाही, लगेच पसरावं लागतं. त्यानं प्लास्टिकवर हात फिरवला. "कोरडं ठाक! बघा, झालं का न्हाई?" गटातल्या दोघीतिघी दारात उभ्या होत्या. त्यांचे चेहरे उजळले. भात कापून पडला होता. पोती उद्यापासून येणार होती.

मी अनवाणी आत गेले. कोबा कोमट होता.

"हा अजून गरम आहे," मी म्हणाले. "वरचं पाणी उडालंय, खालचं तिथंच आहे. आज दारं उघडी ठेवा, नवीन प्लास्टिक लावा. उद्या बघू."

"उद्या मी पानशेतला," ठेकेदार म्हणाला.

"उद्या पोती येत्यात," दारातली एक म्हणाली. "ताई, तुमचं बोलनं पटतं वो. पन भात कुठं ठिवायचा, तुमच्या पत्रकांवर?"

मी तरीही बोलत सुटले. लोकांना कशी घाई करायला लावतात, घाईत कसं फसवतात. आवाज चढला. आक्का म्हणाली, "पोरी, दम घे. जिचा कोबा हाय तिला बोलू दे."

सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती, डोकं अजून ठणकत होतं तिचं. ठेकेदारानं पहिल्या डब्याचं झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर लावला होता.

"दादा," आत्या म्हणाली, "एक खरं सांगा. हा कोबा तुमच्या घरचा आसता, तर मारला आसता का?"

त्यानं डोकं खाजवलं. "मारला आसता." मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून, "पन पोती न्हाई ठेवली आसती."

"मग झाकन दाबा."

दारातल्या एकीनं सुस्कारा टाकला. आत्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मला ठाऊक होतं ते झाकण तिला किती जड गेलं.

नवीन प्लास्टिक ठेकेदारानंच लावलं आणि तो गेला. सकाळी त्याच्याखाली थेंब होते. मोठे, सावकाश जमलेले. आक्का वाकून बघत राहिली. "हे वाळनारं अंग न्हाई," ती म्हणाली. "ह्याला कुनीतरी रोज पाजतंय."

मग मी कुदळ घेतली आणि घराच्या मागच्या टेकाडावर चढले. वर शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले झालेत. त्यांच्यासाठी डांबरी रस्ता झालाय. रस्त्याच्या कडेचं गटार खाली येतं आणि आत्याच्या मागच्या भिंतीच्या वर, गवतात, संपतं. नुसतं संपतं. बंगल्यांच्या बागांचं, टाक्यांचं, पावसाचं पाणी तिथं मातीत मुरतं आणि आत्याच्या कोब्यातून वर येतं. पुढं न्यायला कुणाच्या मनात आलं नाही, कारण खाली कोण राहतं हे वरून दिसत नाही. आत्या इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाण्याची लाज वाटून घेत होती! त्यासाठी ती जीव गमावून बसली होती, जवळजवळ.

दुपारी गटातल्या बायका कुदळ-फावडी घेऊन वर आल्या. बंगल्याचा राखणदार धावत आला, परवानगी आहे का विचारत.

"पानी सोडताना आमाला इचारलं व्हतं का?" आक्का म्हणाली आणि खणत राहिली. ते पाणी ओढ्याला न्यायची चारी त्या दिवशी पुरी झाली नाही. पुढच्या दिवसांत झाली.

आणि भात? आत्यानं वरच्या खोलीतला पलंग अंगणात काढला. कपाट पडवीत सरकवलं. देवाचा कोनाडा तेवढा ठेवला. खाली फळ्या टाकल्या आणि इंद्रायणीची पोती पार आढ्यापर्यंत रचली. स्वतः पडवीत, कपाटाला पाय लावून झोपायला लागली. "मला कुठं जानेवारीपतूर जास्त जागा लागती," ती म्हणाली.

टेम्पो आला. व्यापारी उतरला, रिकाम्या खळ्याकडं बघितलं, मग पडवीतल्या अंथरुणाकडं.

"काय वहिनी, भात कुठंय?"

"आत झोपलाय," आत्या म्हणाली. "उठवू नका."

तो हसला, चहा झाला का विचारलं. कुणी टाकला नाही. मग टेम्पो मोकळाच वळवला. तळघराचं दार त्या दिवशी सताड उघडं होतं.