बारा ओळींचं उत्तर

इंझोरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे गावात कोण कोणाशी तासन्‌तास बोलतं आणि कोणाशी कोणीच बोलत नाही, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. दुसऱ्या यादीत पहिलं नाव ग्यानबाकाकांचं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं लाईनमन होते. तांब्याची केबल कोणत्या बांधाखालून कुठे गेली, हे खात्याच्या नकाशात नसेल एवढं त्यांच्या डोक्यात. ती केबल आता मेली, आणि त्यांची बायको, आमच्या दुर्गाकाकू, जाऊनही तीन वर्षं झाली. मुलगा प्रसेनजित पुण्यात नेटवर्क इंजिनिअर आहे. तो दर रविवारी फोन करतो. लाईनमनच्या घरात रेंज नाही, म्हणून काका त्या फोनसाठी माझ्या दुकानात येऊन बसतात. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावतात, आणि मलाही सगळं ऐकू येतं. ऐकण्यासारखं फार नसतंच. जय भीम बाबा, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का, ठेवतो.

मागच्या वर्षी प्रसेनजितच्या स्टेटसला एक लिंक दिसली. ‘नेटवर्क कट्टा’ नावाचा व्हॉट्सअप ग्रुप, अडीचशे माणसं, अ‍ॅडमिन प्रसेनजित. काका म्हणाले, मले यात टाक, पण माह्या नावानं नको, पोराले अवघडल्यासारखं होईन. मी नवीन सिम घातलं आणि नाव टाकलं ‘रिठदकर’. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी रिठदला काढली होती, एवढाच संबंध.

असे ग्रुप मला नवे नाहीत. उचलला अंगठा, लावला स्क्रीनला. राऊटर कोणता घ्यावा असं कोणी विचारलं, की चौथ्या मेसेजला एकमेकांची अक्कल निघते. पाचवा म्हणतो, सोर्स द्या. सहावा म्हणतो, आधी अभ्यास करा. मूळ विचारणारा बिचारा तोवर निघून गेलेला असतो. काकांनी तिथे पहिला मेसेज अगदी बरोबर आणि अगदी नम्रपणे लिहिला. त्यावर प्रसेनजितचा एक अंगठा आला. दुसरा लिहिला, दुसरा अंगठा.

तिसऱ्या वेळी चूक झाली. नेटची साधी केबल शंभर मीटरपर्यंत चालते असं लिहायचं होतं, बोट घसरून हजार पडलं. लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यामागून प्रसेनजितचं उत्तर आलं. शंभरच का, पुढे सिग्नल का मरतो, हजार मीटर न्यायचंच असेल तर काय करावं, सगळं समजावून सांगितलेलं. काकांनी बोट ठेवून ओळी मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

“बारा ओळी, विनोद.”

त्या दिवसापासून ग्यानबाकाका ठरवून चुकीचं लिहू लागले. राऊटर लोखंडी कपाटात ठेवला की रेंज वाढते. फायबर दोरीसारखी घडी करून ठेवता येते. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. लोक तुटून पडायचे. कोणी गावठी म्हणायचं, कोणी म्हणायचं, आजोबा, तुम्ही सोयाबीन पेरा. प्रसेनजित मात्र समजावत राहायचा. एकदा तर त्यानं कागदावर आकृती काढून फोटो पाठवला. काका तो फोटो बसस्टँडवर भेटेल त्याला दाखवत फिरले, कोणाला काही कळलं नाही तरी.

मला राग यायचा. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला बोलतं केलं, त्याला काल फोन घेतलेल्या पोरांनी मूर्ख म्हणायचं, हे मला पाहवत नव्हतं. मी एकदा तोडून बोललो, तर म्हणाले, “हासू दे लोकाईले. तो बोलून राह्यला ना माह्याशी.”

पण समजावणाराही थकतोच. बारा ओळींच्या चार झाल्या. मग ‘वर उत्तर दिलंय, वाचा’ एवढंच येऊ लागलं. श्रावण संपता संपता तेही बंद झालं. काका रोज येऊन फोन उघडायचे, बघायचे, बंद करायचे. आठ दिवस असे गेले.

नवव्या दिवशी ते म्हणाले, असं काही लिहितो की त्याले बोलाच लागीन. वाक्य ठरवून आले होते. जमिनीतला केबलचा जोड उघडा राहिला तरी काही बिघडत नाही, पाणी आपोआप वाळतं. लाईनमनच्या तोंडी हे वाक्य म्हणजे पाप. बोट स्क्रीनवर टेकवून ते बराच वेळ नुसते बसले. मग फोन माझ्यापुढे सरकवला.

“माह्या हातानं नाही लिवल्या जात. तू लिव.”

मी लिहिलं. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. काकांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. प्रसेनजितनं लिहिलं होतं: ‘माझे वडील लाईनमन होते. शिक्षण सातवी. भर पावसात खड्ड्यात उतरायचे आणि छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही, जोडावर धरायचे. जोड बंद केल्याशिवाय ते कधी घरी जेवायला आले नाहीत. मी या धंद्यात आलो तो त्यांना पाहून. तुम्ही त्यांच्या हाताखाली आठ दिवस जरी काम केलं असतं, तरी हे लिहायची लाज वाटली असती.’ त्याखाली व्हॉट्सअपची बारीक ओळ होती. अ‍ॅडमिननं तुम्हाला काढून टाकलं.

काकांनी आणखी दोनदा वाचून घेतलं. डोळे पुसले, लपवले नाहीत. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता त्याला फोन लावू आणि रिठदकर कोण ते सांगू. त्यांनी माझा हात धरला. तो येडा मीच व्हतो हे त्याले कायले सांगतं, म्हणाले. त्याच्याजवळ एक चांगला बाप आहे, तो राहू दे. आणि बापाची आठवण झालीच आहे, तर रविवारी तो स्वतःच विषय काढीन.

रविवारी ते धुतलेला पांढरा सदरा घालून तासभर आधीच आले. फोन आला. जय भीम बाबा, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का. काका प्रत्येक उत्तर देऊन थांबत होते. तो ‘ठेवतो’ म्हणणार, तेवढ्यात त्यांनी घाईनं विचारलं, “प्रसेन, जमिनीतला जोड उघडा राह्यला तं काय होते रे?”

मी हातातला पेचकस खाली ठेवला. आता ओळखेल, असं मला वाटलं.

“बाबा, तुम्हाला काय करायचंय आता त्याचं? आराम करा.”

काका ‘बरं’ म्हणाले. फोन आधीच बंद झाला होता.